मोझेलची रीसलिंग: लेबल वाचण्यापासून ग्लास भरण्यापर्यंत

जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातली रीसलिंग, म्हणजे त्याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षांची वाईन, समोर आली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "गोड आहे का?" प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या उत्तराने फारसं काही कळत नाही. लिटरमागे 45 ग्रॅम साखर असलेली मोझेलची वाईन गिळल्यावर तोंड अगदी स्वच्छ वाटू शकतं, आणि याच्या निम्मी साखर असलेली दुसरीकडची एखादी वाईन जिभेला चिकटून बसते. सगळा खेळ साखर आणि आम्ल यांच्या ओढाताणीचा आहे. ही ओढाताण येते कुठून, बाटली उघडण्याआधी ती लेबलावरून कशी ताडायची आणि ग्लासात कशी तपासायची, ते आता क्रमाने पाहू.

आधी खोरं समजून घ्या

मोझेल नदी फ्रान्समधल्या व्होज डोंगरात उगम पावते, पुढे काही अंतर लक्झेंबर्ग आणि जर्मनीची सीमा बनून वाहते आणि कोब्लेन्झला ऱ्हाईनला मिळते. ट्रीअर ते कोब्लेन्झ सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर अंतर आहे. नदी मात्र वळणावर वळणं घेत त्याच्या जवळपास दुप्पट फिरते. प्रत्येक वळणावर एका काठाचा उतार दक्षिणेकडे किंवा नैर्ऋत्येकडे तोंड करून उभा असतो आणि समोरचा काठ सावलीत जातो. चांगल्या बागा उन्हाच्या काठावर असतात. वेलेन हे गाव घ्या. गाव नदीच्या डाव्या काठावर आणि त्याची नावाजलेली बाग, वेलेनर सोनेनऊर, पलीकडच्या उजव्या काठावर. उन्हाची जागा लोकांनी वेलींना दिली आणि घरं समोर बांधली. त्या बागेत 1842 साली योडोकुस प्र्यूम यांनी उभारलेलं सूर्यघड्याळ आहे, बागेला नाव त्यावरूनच मिळालं.

उन्हाचं एवढं कौतुक का, ते साध्या हिशेबाने कळतं. हे खोरं 50 उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात, म्हणजे द्राक्षं पिकत असताना, भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 40 अंश वर येतो. सपाट जमिनीवर ते ऊन तिरपं पडून पसरतं. तेच ऊन दक्षिणेकडे 30 अंश कललेल्या उतारावर जवळजवळ काटकोनात पडतं आणि सपाटीच्या सुमारे दीडपट ऊब देतं. मोझेलमध्ये उतार ही हौस नाही. उतार नसता तर बऱ्याच वर्षी रीसलिंग पिकलीच नसती. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट हा उतार काही ठिकाणी सुमारे 65 अंशांचा आहे आणि जगातल्या सर्वांत उभ्या द्राक्षबागांमध्ये त्याची गणना होते. अशा जागी ट्रॅक्टर चालत नाही. माणसं आणि सामान एका रुळावरच्या छोट्या गाडीने वर जातात आणि बाकीचं काम हातानेच होतं. जुन्या पद्धतीच्या बागांत प्रत्येक वेल स्वतंत्र खांबाला बांधलेली असते आणि तिच्या दोन काड्या वाकवून बदामाचा आकार दिलेला असतो. ओळींना तारा नसल्याने मजूर उतारावर आडवाही फिरू शकतो.

दुसरी गोष्ट दगड. इथली जमीन म्हणजे मुख्यतः पाटीच्या दगडाच्या चिपा, सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या डेव्होनियन काळातल्या. काळसर दगड दिवसा तापतो आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडतो. पावसाचं पाणी थांबत नाही, मुळांना खोल जावं लागतं. शिवाय वेलीची मुळं पोखरणारी फायलॉक्सेरा ही कीड या दगडाळ उतारांवर फारशी फोफावली नाही. म्हणून कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या वेली इथे आजही बऱ्याच दिसतात. वाईनमध्ये "दगडाची चव उतरते" असं मात्र शब्दशः मानू नका. खडकातली खनिजं चव देण्याइतकी वाईनमध्ये येत नाहीत. दगडाचं काम ऊब आणि निचरा यांचं, आणि तेवढंही पुष्कळ आहे.

आता थंडी. उष्ण हवेत द्राक्षातलं मॅलिक आम्ल झपाट्याने खर्ची पडतं. थंड रात्री ते टिकून राहतं. साखर सावकाश चढते, मणी वेलीवर जास्त दिवस राहतो, सुगंध भरत जातो आणि आम्ल मात्र फारसं उतरत नाही. परिणामी लिटरमागे 7 ते 9 ग्रॅम आम्ल असलेली, तरीही अल्कोहोल कमी असलेली वाईन तयार होते. कमी अल्कोहोलमध्ये भरपूर चव ही या खोऱ्याची खासियत, आणि तिची नक्कल करणं फार अवघड आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. ट्रीअर हे रोमन शहर. त्याच काळापासून इथे द्राक्षं आहेत. नॉयमागेनला पिंपांनी भरलेल्या होडीचं रोमन शिल्प सापडलं आणि पीसपोर्टला द्राक्षं पिळण्याची रोमनकालीन जागा. रीसलिंगला मात्र राजाश्रय मिळाला तो 1787 साली, जेव्हा ट्रीअरचे आर्चबिशप क्लेमेन्स वेन्झेस्लाउस यांनी हलक्या जाती उपटून चांगल्या जाती लावायचा हुकूम काढला. आज खोऱ्यातल्या साधारण साडेआठ हजार हेक्टरांपैकी निम्म्याहून अधिक क्षेत्र रीसलिंगचं आहे.

खोऱ्याचा कुठला भाग, ते ठरवा

"मोझेल" हे नाव 2007 पासून लेबलावर एकटं येतं. त्याआधी प्रदेशाचं नाव मोझेल-झार-रूव्हर असं होतं. ते जुनं लांब नाव खरं तर जास्त उपयोगाचं होतं, कारण या तीन नद्यांच्या वाईनी चवीने वेगळ्या आहेत.

मधलं खोरं, बेर्नकास्टेलच्या आजूबाजूचं, हे सुरुवातीसाठी उत्तम. ग्राख, वेलेन, त्सेल्टिंगेन, ब्राउनेबेर्ग ही गावं इथली. पांढऱ्या पीचचा, सफरचंदाचा, कधी फुलांचा वास, आणि आम्ल असूनही अंगाने गोलसर. ऊर्झिग गावच्या व्ह्यूर्झगार्टन बागेत दगड लाल आहे आणि वाईन जरा मसालेदार, जरा रांगडी लागते. निळ्या आणि लाल दगडाचा फरक चाखायचा असेल तर वेलेन आणि ऊर्झिगची एकेक बाटली शेजारी ठेवा.

झार ही उपनदी जास्त थंड आणि वाऱ्याची. विल्टिंगेनजवळची शार्त्सहोफबेर्ग ही इथली सर्वांत प्रसिद्ध बाग. झारच्या वाईनला कणा आम्लाचा असतो. पूर्वी थंड वर्षी ती दात आंबवायची, चांगल्या वर्षी मात्र तिच्यासारखी रेखीव वाईन दुसरी नाही, असं माझं मत. रूव्हर त्याहून चिमुकली, पाल्यासारखा हिरवा वास असलेली. कोब्लेन्झच्या बाजूच्या खालच्या खोऱ्यात दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांवर बागा आहेत. तिथली, विशेषतः व्हिनिंगेन गावची, कोरडी (साखर जवळपास न उरलेली) रीसलिंग भरदार असते. ट्रीअरच्या वरच्या अंगाला जमीन चुनखडीची होते आणि तिथे एल्ब्लिंग ही दुसरीच जात जास्त लावतात, तो विषय वेगळा.

लेबल वाचताना चार जागा पाहा

पहिली जागा, गाव आणि बाग. "वेलेनर सोनेनऊर" म्हणजे वेलेन गावची सोनेनऊर बाग. गावाच्या नावाला शेवटी "-अर" लागतो आणि पुढे बागेचं नाव येतं. इथे एक सापळा आहे. 1971 च्या वाईन कायद्याने एकेका बागेच्या नावासोबत अनेक गावांच्या बागा एकत्र करणारी मोठी नावंही मान्य केली, आणि दोन्ही लिहायची पद्धत सारखीच ठेवली. "पीसपोर्टर गोल्डट्र्योप्फशेन" ही खरी उत्तम उताराची बाग. "पीसपोर्टर मिशेल्सबेर्ग" हे मोठ्या पट्ट्याचं नाव, ज्यात सपाट जमिनीवरची इतर गावांची द्राक्षंही येतात. 2025 पर्यंतच्या वाईनींचं लेबल पाहून फरक कळत नाही, तो माहीतच असावा लागतो. ज्याने हा नियम केला त्याने ग्राहकाचा विचार केला नव्हता, एवढं नक्की.

दुसरी जागा, पिकण्याचा दर्जा. काबिनेट, श्पेटलेझं, आउसलेझं, बेरेनआउसलेझं, ट्रोकनबेरेनआउसलेझं, अशी चढती भांजणी आहे. हे दर्जे रसातल्या साखरेवर ठरतात, म्हणजे द्राक्ष तोडताना किती पिकलं होतं ते सांगतात. बाटलीत किती साखर उरली, ते सांगत नाहीत. मोजमाप अंश एक्स्लेमध्ये होतं: एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके अंश. बेरेनआउसलेझंला 110 आणि ट्रोकनबेरेनआउसलेझंला 150 अंश लागतात. शेवटच्या प्रकारात मणी बोट्रायटिस बुरशीने सुकून मनुक्यासारखे झालेले असतात आणि एकेक वेचून काढावे लागतात. या सगळ्या दर्जांच्या रसात बाहेरून साखर घालायला बंदी आहे. "क्वालिटेट्सवाईन" एवढंच लिहिलं असेल तर आंबवण्याआधी साखर घालायला परवानगी असते.

तिसरी जागा, गोडीचा शब्द. "ट्रोकन" (कोरडी) असेल तर साखर लिटरला 4 ग्रॅमपर्यंत, किंवा आम्ल पुरेसं असेल तर 9 पर्यंत. "हाल्बट्रोकन" (अर्धकोरडी) 12 पर्यंत, आम्लाच्या अटीवर 18 पर्यंत. "फाइनहेर्ब" या शब्दाला कायद्यात आकडा नाही. साधारण हाल्बट्रोकनच्या आसपास किंवा जरा गोड, उत्पादकाच्या मर्जीवर. शब्दच नसेल आणि काबिनेट किंवा श्पेटलेझं लिहिलं असेल, तर मोझेलपुरतं ती गोडसर आहे असं धरून चाला. झाकणाच्या आवरणावर द्राक्षाचा घड धरलेला गरुड दिसला तर उत्पादक फाऊडेपे (VDP) या जर्मन वाईन-उत्पादकांच्या 1910 पासूनच्या संघटनेचा सभासद आहे. आणि त्यांच्या बाटलीवर "ग्रोसेस गेव्हेक्स" असेल तर ती सर्वोच्च दर्जाच्या बागेतली कोरडी वाईन.

चौथी जागा सगळ्यांत छोट्या अक्षरांत असते आणि सगळ्यांत प्रामाणिक असते: अल्कोहोलची टक्केवारी. हिशेब असा. सुमारे 17 ग्रॅम साखर आंबली की लिटरमध्ये 1 टक्का अल्कोहोल तयार होतं. काबिनेटचा रस पूर्ण आंबला तर साधारण साडेदहा-अकरा टक्क्यांपर्यंत जातो. लेबलावर 8 टक्के दिसले, तर अडीच-तीन टक्क्यांची साखर न आंबता राहिली आहे. तिला 17 ने गुणा: 45 ते 50 ग्रॅम. श्पेटलेझं जरा जास्त पिकलेली, पूर्ण आंबली तर 12 च्या घरात. तीही 8 वर थांबवली असेल तर साखर 70 च्या जवळ. उलट 12 टक्के अल्कोहोलची काबिनेट असेल तर ती कोरडीच असणार. आकडे अंदाजाचेच आहेत, पण दुकानात उभं राहून निर्णय घ्यायला पुरतात.

जाता जाता मागच्या बाजूचा तपासणी क्रमांकही बघा. त्याचे शेवटचे दोन आकडे तपासणीचं वर्ष, त्याआधीचा आकडा त्या उत्पादकाच्या नमुन्याचा क्रमांक. एकाच बागेच्या, एकाच वर्षाच्या, एकाच दर्जाच्या दोन वेगळ्या वाईनी एकाच घरातून निघू शकतात. त्या ओळखायची खूण हीच.

आंबवणं थांबवतात म्हणजे काय करतात

मोझेलचं पारंपरिक पिंप फूडर, 1000 लिटरचं, जुन्या ओकचं. जुनं असल्याने लाकडाचा वास देत नाही. तळघर थंड, आंबणं सावकाश. अनेक उत्पादक विकतचं यीस्ट न घालता तळघरातल्या यीस्टवरच सोडतात. हवी तेवढी साखर उरली की वाईन थंड करून, थोडं सल्फर देऊन आणि गाळून यीस्ट बाजूला काढतात. जुन्या काळी हिवाळा आला की आंबणं आपोआप थंडावायचं. मॅलिक आम्ल मवाळ करणारं दुसरं आंबणं बहुधा होऊ देत नाहीत, नाहीतर सगळी धारच गेली.

या पद्धतीमुळे ताज्या बाटलीत कधी पेटवलेल्या काडेपेटीचा वास येतो, जिभेवर बारीक बुडबुडे जाणवतात. दोन्ही दोष नाहीत. ग्लास फिरवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. तळाशी काचेसारखे स्फटिक दिसले तर तेही टार्टारिक आम्लाचेच. तोंडात गेले तरी अपाय नाही.

चाखायची रीत

आधी एक तयारी, वाईनशिवाय. दोन ग्लास पाणी घ्या आणि दोन्हींत सारखीच, चमचा-चमचा साखर विरघळवा. एकात अर्धं लिंबू पिळा. आधी साधं, मग लिंबाचं प्या. साखर तेवढीच आहे हे जिभेला पटणार नाही. हा फरक डोक्यात ठेवून पुढे जा, कारण मोझेल चाखताना हाच फरक मोजायचा असतो.

मग तीन बाटल्या: एक ट्रोकन, एक फाइनहेर्ब, एक 8 टक्क्यांची काबिनेट. शक्यतो एकाच उत्पादकाच्या आणि एकाच वर्षाच्या, म्हणजे बाकीचे फरक आड येणार नाहीत. ग्लास मध्यम आकाराचा, तोंडाशी किंचित आवळलेला. तापमान 8 ते 10 अंश. ग्रोसेस गेव्हेक्स असेल तर 12 पर्यंत चालेल. फ्रिजमधून काढून लगेच ओतलीत तर वास बंद आणि आम्ल बोचरं, म्हणून दहा-पंधरा मिनिटं बाहेर राहू द्या.

क्रम कोरड्याकडून गोडाकडे. उलट गेलात तर गोडानंतरची कोरडी वाईन विनाकारण कडवट लागेल. प्रत्येक घोट तोंडात जरा घोळवा आणि एकच गोष्ट पाहा: सुरुवातीला काय आणि शेवटी काय. गोडी जिभेवर लगेच जाणवते. आम्ल जरा मागून येतं, जबड्याच्या दोन्ही कडांना, आणि लाळ सुटते. गिळल्यावर लाळ सुटत राहिली आणि गोडीची आठवण पुसली गेली तर तोल जमला आहे. गिळल्यावर ओठ चिकट वाटले, पाणी प्यावंसं वाटलं, तर साखर वरचढ झाली. आणि कोरड्या बाटलीत नुसतं आंबट लागून चव मधेच तुटली तर द्राक्ष कच्चं होतं किंवा वाईनला अंग नाही. या तीन शक्यतांत बसवून बघायची सवय लागली की "पीच, लिंबू, ओला दगड" ही शब्दांची यादी पाठ करायची गरज उरत नाही. वास ओळखता आले तर उत्तमच, पण कामाची गोष्ट तोल.

शेवटी काबिनेटचा ग्लास अर्धा भरलेला ठेवून द्या आणि तासाभराने परत चाखा. तापमान वाढलं की गोडी पुढे येते, आम्ल मागे जातं. साधारण वाईन इथेच गळपटते.

जेवणासोबत घ्यायची तर तिथली चाल अशी: कोरडीसोबत नदीतला ट्राऊट, काबिनेटसोबत धुरावलेला मासा किंवा डुकराचं खारवलेलं मांस, जुन्या आउसलेझंसोबत निळं चीज. खारट पदार्थ आणि थोडी गोड वाईन ही जोडी सहसा फसत नाही.

वर्ष आणि वय

वर्षाकडे दुर्लक्ष करू नका, थंड प्रदेशात त्याचा फरक मोठा पडतो. 2003 भयंकर उष्ण होतं, आम्ल उतरलं. 2010 मध्ये उलट आम्ल इतकं चढलं की बऱ्याच जणांना ते कमी करून घ्यावं लागलं. 2018 उबदार, 2021 थंड आणि ताणलेलं. आम्लाची ओढ म्हणजे काय ते पाहायचं तर 2021 ची काबिनेट शोधा.

हवामान बदलतंय ते या खोऱ्यात स्पष्ट दिसतं. पूर्वी द्राक्षं पिकतील की नाही ही चिंता असायची. आता काबिनेटसाठी तोडणी लवकर करावी लागते, नाहीतर साखर श्पेटलेझंच्या पातळीवर जाते. झारच्या थंड बागांना म्हणूनच नव्याने भाव आला आहे. आईसवाईनसाठी द्राक्षं वेलीवरच उणे 7 अंश किंवा त्याखाली गोठावी लागतात. 2019 च्या हंगामात अख्ख्या जर्मनीत ती झालीच नाही. वर लवकर फुटलेल्या कोंबांना उशिराचं गोठलेलं दव मारतं ते वेगळंच. एप्रिल 2024 मध्ये झार आणि रूव्हरच्या बागांचं असंच मोठं नुकसान झालं.

ठेवून द्यायची असेल तर काबिनेट पाच ते पंधरा वर्षं, चांगली आउसलेझं अनेक दशकं सहज टिकते, कारण आम्ल आणि साखर दोन्ही राखण करतात. मधे काही वर्षं ती गप्प होते, ना फळ ना वय. घाईने उघडू नका. पुढे रंग सोनेरी होतो, गोडी आत मुरल्यासारखी वाटते आणि पेट्रोलसारखा वास येतो. तो टीडीएन नावाच्या संयुगाचा. द्राक्षाला जास्त ऊन मिळालं की त्याचं प्रमाण वाढतं. जुन्या बाटलीत तो मधाच्या वासासोबत आला तर मजा आहे, दोन वर्षांच्या बाटलीत नाकात शिरला तर मला तो रुचत नाही. ठेवायची जागा अंधारी, 10 ते 13 अंशांची. बूच असेल तर बाटली आडवी, फिरकीचं झाकण असेल तर कशीही.

उघडलेली बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवलीत तर कोरडी तीन-चार दिवस आणि गोडसर काबिनेट आठवडाभर चांगली राहते. दुसऱ्या दिवशी ती बऱ्याचदा पहिल्यापेक्षा खुललेली असते, तेव्हा तीन बाटल्या एकाच संध्याकाळी संपवायचं बंधन नाही.